बाप्तिस्म्यानंतरचा अनुताप

‘पश्चात्ताप’ हा शब्द आपण रोजच्या व्यवहारात फार सैलपणे वापरतो. गाडी चुकली म्हणजे पश्चात्ताप होतो, जमीन स्वस्तात विकली गेली म्हणजेही होतो, आणि परीक्षेचा निकाल लागल्यावर तर तो घरोघर होतो. यात झालेल्या नुकसानीची हळहळ असते. मनुष्य पालटतोच असे नाही. आपल्या संतांनी या हळहळीहून निराळा असा ‘अनुताप’ हा शब्द योजिला, आणि त्याचा अर्थ कोणाही वारकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. ज्या तापाने अंतःकरण वितळते व मग दुसऱ्या आकाराने गोठते, तो अनुताप. ख्रिस्ती धर्मग्रंथांत या अर्थाचे जे मूळ शब्द आहेत तेही याच जातीचे आहेत. जुन्या करारातील हिब्रू शब्दाचा धात्वर्थ ‘मागे फिरणे’ असा आहे, आणि नव्या करारातील ‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बुद्धीचा पालट’ असा आहे. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातही तो मुलगा डुकरांच्या कळपाशी बसून किती रडला, याचे वर्णन नाही. तो उठला आणि बापाच्या घराच्या वाटेला लागला, एवढेच सांगितलेले आहे.

आपल्याकडे ख्रिस्ती धर्माविषयी बोलणे निघाले की ते बहुधा धर्मांतराच्या वादावर येऊन थांबते. कोणी केव्हा बाप्तिस्मा घेतला, का घेतला, कोणाच्या भरीस पडून घेतला, इतके विचारून झाले म्हणजे आपली जिज्ञासा संपते. परंतु महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसांची चरित्रे लक्षपूर्वक वाचली, तर त्यांतील खरी उलथापालथ बाप्तिस्म्याच्या दिवशी घडलेली दिसत नाही. ती कित्येक वर्षांनी, सर्वांना वाटत असते की या मनुष्याचे आता ठरून गेले आहे, अशा वेळी घडते. पंडिता रमाबाई यांच्या आयुष्यात ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसऱ्या कोठेही दिसत नाही, म्हणून आज मुख्यतः त्यांच्याविषयीच बोलावयाचे आहे. शाळेत इतिहास शिकवीत असताना मला असे आढळले की पाठ्यपुस्तके रमाबाईंना शारदासदनापर्यंत आणून सोडून देतात. पुढची तीस वर्षे जणू त्या नव्हत्याच!

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले एवढ्या अपराधासाठी त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला होता. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी एकामागून एक गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास चौथा मनुष्य मिळेना, तेव्हा रमाबाई स्वतः पुढे झाल्या. उंची कमी पडल्यामुळे त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. उपवास, तीर्थस्नाने, ब्राह्मणभोजने, मूर्तींपुढे धरणे हे सर्व विधी या कुटुंबाने निष्ठेने केले होते आणि अखेर उपासमारीने ते मोडून पडले होते. त्या विधींवरील रमाबाईंची श्रद्धा येथेच उडाली. मात्र दुसरी कोणतीही श्रद्धा तिच्या जागी लगेच आली नाही.

पुढील हकीकत बहुश्रुत आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यास पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या आरंभी पटकीने पती वारले व पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील मठात त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

या बाप्तिस्म्यामागे एक प्रसंग होता. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम या भागातील आपल्या आश्रमात काही दिवस राहावयास नेले. ज्या स्त्रियांना समाज ‘पतिता’ म्हणून बाहेर टाकतो, अशांना तेथे आसरा दिला जात असे. त्या स्त्रियांची सेवा तेथील कुलीन भगिनी ममतेने करीत होत्या. अशा स्त्रीला शासन काय करावे हे रमाबाईंनी धर्मशास्त्रांत वाचले होते. तिच्या जखमा धुणारे कोणी असते हे त्यांनी प्रथमच पाहिले. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा भगिनींनी त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचावयास दिली. विहिरीवर पाणी भरावयास आलेली, पाच नवरे झालेली, जातीने हलकी गणलेली ती बाई. आणि तिच्यापाशी बसून परमेश्वराच्या उपासनेविषयी बोलणारा येशू. रमाबाईंच्या बुद्धीने त्या दिवशी कौल दिला.

‘बुद्धीने’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी वाद! त्रैक्याचे तत्त्व, चमत्कार, बिशपांचा अधिकार, यांपैकी काहीही त्या केवळ सांगितले म्हणून मान्य करावयास तयार नव्हत्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या देशाची संस्कृत का नको, असाही त्यांचा प्रश्न होता. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा ती हरकतही त्यांनी निमूटपणे ऐकून घेतली नाही. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे आणि तो ज्यांनी वाचला आहे त्यांना ‘मिशनऱ्यांनी भुलविलेली अबला’ हे रमाबाईंचे चित्र पुन्हा कधीही खरे वाटणार नाही. मला तर काही पत्रे वाचताना काशीच्या एखाद्या वादसभेत बसल्याचा भास झाला. अनंतशास्त्र्यांची कन्या धर्म बदलूनही शास्त्र्याचीच कन्या राहिली होती.

१८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या, अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या, तेथे पुस्तक लिहिले, मदतमंडळ उभारले, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात ब्राह्मण मुलींचे आचार पाळले जात, स्वयंपाक वेगळा होई, आणि धर्मशिक्षण द्यावयाचे नाही अशी अट होती. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. बाहेरून पाहता रमाबाईंचे सर्व काही स्थिर झाले होते.

आणि नेमके याच वेळी, १८९१ च्या सुमारास, त्यांना आतून अस्वस्थता जाणवू लागली. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी याचा उलगडा केला आहे. त्याचा मथितार्थ असा की, मी धर्म शोधीत होते व तो मला मिळाला. परंतु ज्याच्यामुळे तो धर्म जिवंत आहे त्याची व माझी भेट झालेली नव्हती. मी एका मतावर सही केली होती, इतकेच. या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र पडले. या हॅस्लमची गोष्ट मोठी विलक्षण आहे. कॉर्नवॉल परगण्यातील एका खेड्यात तो वर्षानुवर्षे उपदेश करीत होता. १८५१ मध्ये एके रविवारी व्यासपीठावर उभा राहून बोलत असता आपण लोकांना सांगतो ते आपल्याला स्वतःला कधीच घडलेले नाही, हे त्याच्या एकाएकी लक्षात आले, आणि भर सभेत त्याचा स्वर पालटला. श्रोत्यांपैकी एकाने ओरडून सांगितले की आमच्या उपदेशकाचेच परिवर्तन झाले! आठ वर्षे ख्रिस्ती म्हणविलेल्या रमाबाईंना ही गोष्ट आपलीच वाटली यात नवल नाही.

येथे पश्चात्तापाचा ख्रिस्ती अर्थ थोडा समजून घेतला पाहिजे. आपल्याकडील प्रायश्चित्तविधानात पापाचे वजन व प्रायश्चित्ताचे वजन यांचा काही हिशेब असतो. अमुक पापास इतके उपवास, तमुक पापास इतके दान. युरोपातही मध्ययुगात असा हिशेब फार माजला होता, आणि १५१७ मध्ये मार्टिन लूथरने जे पंचाण्णव मुद्दे मांडले त्यांतील पहिलाच मुद्दा असा होता की पश्चात्ताप ही एकदा उरकून टाकण्याची बाब नव्हे, ती आयुष्यभराची रीत आहे. रमाबाईंनी लहानपणी प्रायश्चित्तांचा हिशेब पोटभर पाहिला होता, किंबहुना पोट रिकामे ठेवून पाहिला होता. आता त्यांना उमगले ते असे की, पात्र होऊन मग देवाकडे जावयाचे नसते. आहे त्या स्थितीत जावयाचे असते. शिवाय स्त्री म्हणून जन्मल्यामुळे मोक्षासाठी दुसऱ्या जन्माची वाट पाहावयास नको, शूद्र म्हणून नको, विधवा म्हणून तर मुळीच नको, हा भाग त्यांना सर्वांत मोलाचा वाटला.

या आंतरिक घडामोडीचा बाहेर लगेच परिणाम झाला, आणि तो सुखावह नव्हता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत व दार उघडे ठेवीत. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात बोभाटा झाला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ च्या ऑगस्टात न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले आणि बऱ्याच मुली पालकांनी परत नेल्या. या वादात रमाबाईंचा पक्ष असा होता की मी माझा धर्म लपविणार नाही व कोणावर लादणारही नाही. हे म्हणणे प्रामाणिक होते. तरीही पालकांची शंका निव्वळ सनातनी होती असे मी म्हणणार नाही. निराधार विधवेच्या दृष्टीने सदनाची चालक म्हणजे आई, गुरू आणि अन्नदात्री. तिचे उघडे दार हेही एक प्रकारचे बोलावणेच असते. धर्मशिक्षण न देण्याच्या करारावर मुली सोपविणाऱ्या माणसांना ते दार खुपले असेल, तर त्यांना एकदम दोष देता येत नाही. रानड्यांसारखा सौम्य मनुष्य बाजूला झाला, हे रमाबाईंच्या टीकाकारांनीच नव्हे तर चाहत्यांनीही विसरू नये.

परंतु खरी कसोटी पुढे आली. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. आमचा भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतातच होता. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. पाऊस वेळेवर आला नाही की खाचरे भेगाळतात आणि हंगाम बुडतो. येथील वृद्ध माणसांच्या तोंडी लहानपणी ऐकलेल्या दुष्काळाच्या गोष्टींत हा १८९७ चा आणि पाठोपाठचा १९०० चा असे दोन दुष्काळ एकमेकांत मिसळून गेलेले असत. या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे खानेसुमारीत नमूद आहे. दुष्काळाची वार्ता वाचून रमाबाईंना आपले आईबाप आठवले. त्या मध्यप्रांतात आल्या. दुष्काळग्रस्तांच्या वसाहतींत, रस्त्यांवर, झाडांखाली हिंडून त्यांनी अनाथ मुली व तरुण विधवा गोळा केल्या. अशा मुलींना फसवून नेणारेही त्याच रस्त्यांवर फिरत होते, म्हणून त्यांना विलंब करणे शक्य नव्हते. तीनशे मुली आणण्याचा त्यांचा संकल्प होता. पैसा हाती नव्हता, सल्लागार मंडळ नव्हते, अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती.

या मुलींना ठेवावयाचे कोठे? पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या अलीकडे केडगाव येथे रमाबाईंनी सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगाचा कहर झाल्यावर सर्व बिऱ्हाड त्या माळावर आले. प्रथम झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. १८९८ मध्ये मुक्तिसदन विधिपूर्वक सुरू झाले, आणि पाठोपाठ कृपासदन नावाचा वेगळा विभाग निघाला. ज्यांना ‘पतिता’ म्हणत अशा स्त्रियांसाठी तो होता. फुलहॅममध्ये पाहिलेले दृश्य सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर उतरले, असे म्हणावयास हरकत नाही. शारदासदनातील सोवळे येथे राहिले नाही. सर्व जातींच्या मुली एका पंक्तीत जेवू लागल्या. माग, तेलघाणा, दुग्धालय, शेती, छापखाना अशी कामे त्यांना शिकविली गेली. अंध मुलींना बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली गेली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

अशा या वस्तीत १९०५ साली जे घडले त्याला ख्रिस्ती इतिहासात ‘मुक्ती येथील संजीवन’ म्हणून ओळखतात. त्याची पार्श्वभूमी दूरची आहे. १९०४ च्या अखेरीस वेल्स प्रांतात इव्हान रॉबर्ट्स नावाच्या, पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेल्या तरुणाच्या सभांतून पश्चात्तापाची मोठी लाट उसळली. दारूचे गुत्ते ओस पडले; आणि खाणकामगारांनी शिव्या देणे सोडल्यामुळे खाणीतील तट्टांना हुकूम समजेनासे झाले, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. वेल्सचे मिशनरी आसामकडील खासी टेकड्यांत काम करीत असत, तेथेही १९०५ मध्ये ही लाट पोहोचली. रमाबाई या बातम्यांकडे डोळे लावून होत्या. ऑस्ट्रेलियात प्रार्थनामंडळांमुळे असेच काही घडले असे समजल्यावरून त्यांनी मनोरमा व मिनी अब्राम्स या अमेरिकन सहकारिणीस तिकडे पाठविलेही होते. १९०५ च्या जानेवारीपासून त्यांनी मुक्तीत रोजची खास प्रार्थना सुरू केली. आरंभी सत्तरएक जणी होत्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेंच्या वर गेली.

२९ जूनच्या पहाटे मुलींच्या एका खोलीत एक मुलगी ‘आपण जळत आहो’ अशा जाणिवेने जागी होऊन मोठ्याने प्रार्थना करू लागली. तिच्या अंगावर ज्वाळा दिसल्या असे वाटून जवळची दुसरी मुलगी पाण्याची बादली आणावयास धावली; पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आले की वस्त्राला आग लागलेली नाही. ही हकीकत मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवलेली आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायावर नेहमीप्रमाणे शांतपणे बोलत असता सर्व सभा एकदम प्रार्थना करू लागली आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले. त्यानंतर कित्येक दिवस शाळेचे वर्ग प्रार्थनेच्या सभा झाले. मुली मोठ्याने रडत, आपापली पापे उघड सांगत, एकमेकींची क्षमा मागत. मग हसत, टाळ्या वाजवीत, गात.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत व दोन्ही मला अपुऱ्या वाटतात. भाविक म्हणतो की हा पवित्र आत्म्याचा वर्षाव होता, येथे प्रश्न विचारू नयेत. चिकित्सक म्हणतो की हा समूहाचा उन्माद होता. वस्तुतः उपासमारीतून उचललेल्या, आईबाप डोळ्यांदेखत मेलेल्या, कित्येकींना विकले-फसविले गेलेल्या अशा दोन हजार जीवांनी इतकी वर्षे रडण्याची संधीच घेतली नव्हती. ज्या मुलीने दुष्काळात धाकट्या भावंडाच्या हातची भाकर ओढून घेतली असेल, तिला ‘तुझे पाप क्षमा झाले’ हे शब्द काय वाटले असतील, याचा विचार केला म्हणजे त्या रडण्याला उन्माद म्हणावयास जीभ उचलत नाही. उलट, अन्न देणाऱ्या हाताच्या छायेत झालेला पश्चात्ताप कितपत स्वतंत्र, हा १८९३ मधला प्रश्न येथेही उभा राहतोच. आणि या प्रसंगाची वर्णने बहुतेक मिशनऱ्यांच्या लेखणीतून आलेली आहेत हेही विसरून चालत नाही.

मला याहून महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. पहिली अशी की, आजूबाजूच्या काही युरोपीय मिशनऱ्यांना हा गलबला पसंत नव्हता. एकाच वेळी शेकडो जणींनी मोठ्याने प्रार्थना करणे, डोलणे, टाळ्या वाजविणे त्यांना अशिष्ट वाटले. रमाबाईंचा स्वतःचा पिंड शांत व अभ्यासू. त्या स्वतः कधी अशा रीतीने वाहवल्या नाहीत. तरीही त्यांनी मुलींना अडविले नाही. आपल्या देशातील लोकांनी देवाची आळवणी आपल्या रीतीने करावी, परक्यांच्या शिस्तीचा साचा त्यांच्यावर बसवू नये, असे त्यांचे मत होते. क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयी तक्रार करणारी ती तरुणी येथे पुन्हा दिसते. भजनात रंगून नाचणारा वारकरी ज्या समाजाने शतकानुशतके पाहिला, त्या समाजातील मुली प्रार्थनेत डोलल्या, यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट, या रडण्यानंतर काय झाले ती. मुलींच्या टोळ्या पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. त्या गात, बोलत, आजाऱ्यांजवळ बसत. ज्यांना कोणी दारात उभे केले नसते अशा मुली आता दुसऱ्यांच्या दारात बोलावयास उभ्या होत्या. घाणा, माग व छापखाना चालू राहिले. मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक छोटे पुस्तक लिहून दक्षिण अमेरिकेतील चिली देशात आपल्या जुन्या वर्गभगिनीस धाडले. ती वाल्पारायसो येथील मिशनरी हूव्हर यांची पत्नी होती. १९०९ मध्ये तेथे जी मोठी जागृती झाली व ज्यातून चिलीचे पेंटेकॉस्टल पंथ निघाले, तिच्या मुळाशी हे केडगावचे पुस्तक होते. लॉस एंजिलीस येथील अझुसा स्ट्रीटच्या प्रसिद्ध सभा १९०६ च्या, म्हणजे मुक्तीनंतरच्या. पेंटेकॉस्टल पंथाचा उगम अमेरिकेत झाला असे सरसकट लिहिणाऱ्या इतिहासकारांना अलीकडे दौंड तालुक्याकडेही पाहावे लागत आहे.

रमाबाईंच्या शेजारी आणखी एक नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. हे आमच्या बाजूचे म्हणावे असा त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आहे. १८९१ मध्ये ते नागपुरास आले, आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत राहिले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास रेल्वेने जात असता डब्यातील एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्याशी कवितेच्या व धर्माच्या गोष्टी केल्या, हातात नवा करार ठेवला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. ही रेल्वे आमच्या भंडारा रोड व तुमसर रोड या स्थानकांवरूनच जाते. हे घडले तेव्हा खिडकीबाहेर आमचीच धानाची खाचरे व तळी सरकत असावीत, असा विचार त्या मार्गाने जाताना माझ्या मनात नेहमी येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांचा पाच वर्षे विरह झाला. त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो जातिभेद देवाने केलेला नाही असे स्वतःच्या विचाराने पटल्यानंतर, नवऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ते ठाऊकच आहे.

टिळकांच्या पहिल्या बदलात देशहिताचा विचार मोठा होता. राष्ट्र वर काढील असा धर्म ते शोधीत होते. अमेरिकन मराठी मिशनात ते पाळक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले, मान मिळाला, पगार मिळाला. आणि १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाकडे झुकत असता, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती. परक्यांच्या पगारावर ख्रिस्ताची सेवा करणे त्यांच्या मनाला डाचत होते. या दुसऱ्या वळणास त्यांच्या चरित्रकारांनी कोणतेही नाव दिले तरी तो अनुतापच होय. कारण त्यात मागचे घर सोडून वाटेला लागणे आहे. तुकोबांच्या आधारानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो हे ते उघडपणे सांगत. ९ मे १९१९ रोजी ते वारले, दरबाराला उणीपुरी दोन वर्षेच मिळाली, आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

रमाबाईंनी आयुष्याचा अखेरचा मोठा काळ बायबलाच्या भाषांतरात घालविला. प्रचलित मराठी बायबलची भाषा शिकलेल्यांची आहे, माझ्या मुलींना ती कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक या दोन्ही भाषा शिकल्या, आणि खेड्यातील बाईला समजेल अशा साध्या मराठीत सबंध ग्रंथ उतरविला. जी विदुषी एके काळी कलकत्त्याच्या पंडितांशी संस्कृतात संभाषण करीत होती, तिने जाणूनबुजून संस्कृत शब्द टाळीत लिहिणे, यालाही ‘बुद्धीचा पालट’ म्हणता येईल. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. मुलीच्या मागे काही महिने रमाबाई मुद्रिते तपाशीत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावासच त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, पाने छापणाऱ्या व पुस्तके बांधणाऱ्या सर्व मुक्तिसदनातील स्त्रियाच होत्या.